दहाचा टेस्ट कॉल

टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवरचा लाल दिवा पुन्हा लागला तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. ऑपरेटर बाईंनी रजिस्टरमध्ये ‘डेड’ लिहिलं, वेळ टाकली आणि माझ्याकडे न बघता पान उलटलं. लागोपाठ आठवा दिवस. सकाळी दहाला हाच फोन खणखणीत चालला होता. मी स्वतः त्यावर बोललो होतो.

“पराते, तुमचा वायरलेस दिवसातून एकदाच ड्युटी करतो वाटतं,” डीई साहेब मागून म्हणाले.

डीई म्हणजे डिव्हिजनल इंजिनिअर, आमचे साहेब. मी त्यांच्या हाताखाली जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मोबाईल कोणी पाहिला नव्हता. फोन म्हणजे खांब, तार आणि वेटिंग लिस्ट. एखाद्या खेड्यात एकच फोन द्यायचा तरी मैलोगणती खांब रोवावे लागत. तांब्याची तार ओढून घरी यावं, तर दुसऱ्या दिवशी ती जागेवर असेलच याचा भरवसा नसे. म्हणून खात्यानं बिनतारी फोनची चाचणी काढली होती. ग्राहकाच्या घरात एक पेटी आणि अंगणात खांबावर एरिअल, म्हणजे अँटेना. नागपूरच्या आमच्या एक्स्चेंजमध्ये तिची जोडीदार पेटी आणि टॉवरवर दुसरं एरिअल. मध्ये काही नाही, नुसती हवा. आज घरोघरी इंटरनेटचा जो बिनतारी डबा असतो, त्याचा हा आजोबा म्हणा. लाइट जायची म्हणून सोबत बॅटरी दिलेली. चाचणी सहा आठवड्यांची होती. पास झाली तर असे आणखी सेट मिळणार होते आणि नापास झाली तर आमच्या यादीतली खेडी पुन्हा खांबांची वाट बघत बसणार होती.

चाचणीसाठी घर मीच शोधलं होतं. सावनेरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, उंचवट्यावर. घरात वीज हवी होती आणि रजिस्टर लिहिणारं माणूस हवं होतं. तिथे गजभिये बाई राहत. प्राथमिक शाळेच्या निवृत्त हेडमास्तरीण. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ओळीनं लावलेली पुस्तकं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा इंदूरला नोकरीत. त्याच्याशी बोलणं कमी झालं होतं. कशावरून, ते मी विचारलं नाही.

सेट बसवला त्या दिवशी बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. “चाचणी झाल्यावर हा फोन मले राहीन का?”

“पास झाली तर राहील,” मी म्हणालो. साहेबांना न विचारता म्हणालो. लोकांना बरं वाटेल असं बोलून मोकळं व्हायची मला सवय होती.

आमचे लाइनमन नथ्थूजी खांबावर एरिअल बांधत होते तेवढ्यात बाईंनी मुलाला पोस्टकार्ड लिहिलं. त्यात नवा फोन नंबर दोनदा लिहिला, एकदा आकड्यात आणि एकदा अक्षरात. “नागपुरात टाका, लवकर जाईन,” म्हणून माझ्या हातात दिलं. ते मी स्टेशनजवळच्या पेटीत टाकलं. म्हणजे ते गेलं, याची खात्री मी देऊ शकतो.

आता टेस्ट कॉल म्हणजे काय, ते सांगतो. रोज सकाळी दहाला मी नागपुरातून बाईंना फोन लावायचा. “हॅलो, आवाज येतो का?” असं विचारायचं. मग एक ते दहा आकडे सावकाश म्हणायचे. त्यांनी ते परत म्हणायचे. आवाज किती स्पष्ट आला, याला दोघांनी पाचपैकी मार्क द्यायचे आणि आपापल्या रजिस्टरमध्ये लिहायचे. याशिवाय टेस्ट डेस्कवरून दिवसातून दोनदा, न सांगता, अवेळी कॉल जायचा. तो कधी येणार, ते ग्राहकाला माहीत नसतं. परीक्षा कधी आहे ते सांगितलं तर ती परीक्षा कसली! घंटी वाजण्याआधी तिकडच्या सेटनं इकडच्या पेटीला होकार द्यावा लागे. होकार आला नाही की लाल दिवा.

एक्स्चेंजमधल्या पेटीवर एक काउंटर होता. त्या नंबरला कोणीही फोन लावला, लागो न लागो, की आकडा एकानं पुढे सरके. कोणी लावला आणि किती वाजता लावला, ते त्याला कळत नसे. लावला, एवढंच. त्यातून आमचे टेस्ट कॉल वजा केले की बाहेरचे कॉल किती आले ते निघायचं.

पहिल्या आठवड्यात बाई आकडे म्हणून फोन ठेवायच्या. दुसऱ्या आठवड्यात आकड्यांच्या आधी थोडं बोलणं सुरू झालं. मार्क द्यायची तर त्यांना उपजत सवय.

“आज साडेतीन. सात म्हणताना तुम्ही आवाज पाडता, साहेब.”

“अर्धा मार्क देता येत नाही बाई, फॉर्ममध्ये जागा नाही.”

“मंग तीन घ्या. उद्या सुधारा.”

कधी तूर कशी आली ते सांगत, कधी शेजारणीच्या सुनेचं. मी जेवलो का, ते दहा वाजताच विचारत. मी नागपुरात सक्करदऱ्याला एका खोलीत भाड्यानं राहायचो. आईवडील उमरेडला होते, ते दोघं गेल्यावर हातमाग विकून टाकला आणि तिकडे जायचं कारण उरलं नाही. लग्न जमता जमता राहिलं ते राहिलंच. खात्यानं मला खोलीत सर्व्हिस फोन दिला होता. तो वाजायचा तो एखादी लाइन बिघडली तरच. संध्याकाळी खोलीवर गेलो की मी आधी रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकायचो. कामाची सवय म्हणून ऐकतो, असं स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मी एकटा होतो आणि दहा वाजताची ती दहा मिनिटं मला आवडायला लागली होती. तेव्हा हे कबूल केलं नसतं.

तर असा सगळा सुरळीत कारभार चालू असताना तिसऱ्या आठवड्यात लाल दिवा सुरू झाला. दहाचा कॉल पहिल्या झटक्यात लागे. बाकी वेळी डेड. दुपारी डेड, संध्याकाळी डेड.

मी शिकलेला माणूस, म्हणून मला आधी अवघड कारणं सुचली. तिकडे कोळशाच्या खाणी आहेत. तिथली मोठी मशिनं साडेदहानंतर चालू होत असतील आणि आमच्या लहरींत खरखर घालत असतील, असं मी साहेबांना समजावून सांगितलं. दोन दिवस जीपमध्ये मीटर घेऊन खाणीच्या कुंपणाबाहेर बसलो. खरखर काही सापडली नाही. मग मी म्हणालो, उन्हानं केबल तापते आणि जॉइंट सुटतो. नथ्थूजींनी खांबावर चढून जॉइंट बदलला. मग एरिअलचं तोंड दोन अंशांनी फिरवलं. मग परत फिरवलं. हे सगळं काम सकाळी, टेस्ट कॉल आटोपून, बाहेर अंगणातच होई; आत सेटकडे कोणी गेलं नाही. बाई आम्हाला चहा देत आणि काहीही बोलत नसत. मीही त्यांना काही विचारलं नाही. सेटबद्दल ग्राहकाला काय विचारायचं, असा आमचा खाक्या होता.

“चार दिवस देतो,” साहेब म्हणाले. “नाहीतर मी फेल लिहून सेट परत पाठवतो. इतक्या दिवसात शिकाऊ उमेदवारानं पण फॉल्ट काढला असता, भई.”

फॉल्ट नथ्थूजींनी काढला. बॅटरीतलं पाणी तपासताना ते उकिडवे बसले आणि तसेच बसून राहिले.

“साहेब, ही तं काठोकाठ चार्ज हाये.”

“मग चांगलंच आहे ना.”

“गावात दोन दिवसापासून लाइट नाही म्हनते. सेट चालू असता तं बॅटरी उतरली असती. ही काहून नाही उतरली?”

 बॅटरी भरलेली, म्हणजे सेटनं ती वापरलीच नव्हती. म्हणजे सेट बंद होता. पंधरा वर्षांच्या नोकरीत इतकं साधं उत्तर मी इतक्या लांब जाऊन शोधलं नव्हतं.

हे डोळ्यांनी बघावं म्हणून दुसऱ्या दिवशी न कळवता दुपारी तीनला बसनं एकटाच गेलो. बाई पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. टेबलावर सेट होता, त्याच्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल. रुमाल उचलला. हिरवा दिवा विझलेला.

“बाई, हा बंद आहे.”

“हो. मीच केला.”

“केव्हा?”

“दहाचं झालं का बंद करते. सकाळी पावणेदहाले लावते.”

माझं डोकंच फिरलं. खाणीच्या कुंपणाबाहेर खाल्लेली धूळ आठवली. बावन्न वर्षांचे नथ्थूजी चार वेळा खांबावर चढले होते.

“अवं बाई, पण काहून?” रागात माझ्या तोंडून ऑफिसची भाषा गेली आणि सरळ उमरेड बाहेर पडलं.

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. हेडमास्तरणीला असं कोणी बोललं नसेल. पण त्या रागावल्या नाहीत.

“पहिले पंधरा दिवस चालूच होता, साहेब. रात्रंदिवस. अंगणात भांडे घासाले बसली तरी कान इकडंच. शेजारणीकडं जाणं सोडलं. वाजला तं टेस्टचाच. पोस्टकार्ड तं पोचलं असन ना आतापर्यंत?” त्या थांबल्या. “मंग एक दिवस मी झाडता झाडता बटन चुकून बंद झालं. संध्याकाळी ध्यानात आलं. आणि मले एकदम बरं वाटलं. म्हटलं, त्यानं लावला असन, लागला नसन. बंद असला का असं म्हणता येते. चालू असला का म्हणता येत नाही.”

मी खुर्चीवर बसलो. राग कुठे गेला ते कळलं नाही.

“मग दहाला का लावता?”

“तुमचा तं येतेच ना.”

 मग त्यांनी जे विचारलं, ते विचारू नये असं मला फार वाटत होतं.

“तुमच्या तिकडच्या मशीनमध्ये कळते का? हा बंद असताना कोणी लावला होता का म्हणून?”

कळत होतं. काउंटर मी रोज वाचायचो. टेस्ट डेस्कचे आणि माझे कॉल वजा केले की खाली शून्य उरायचं. पहिल्या दिवसापासून शून्य. हे मला त्यांच्या तोंडावर सांगवेना.

“तीन वेळा,” मी म्हणालो.

“तीन?”

“हो. कोणाचे, ते कळत नाही.” हे खरं होतं. काउंटरला ते कळत नसेच.

बाई उठल्या. त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. रुमालाची घडी घातली आणि ती कपाटात ठेवून दिली. मला वाटलं, आपण एका दगडात दोन पक्षी मारले. चाचणीही वाचवली आणि म्हातारीलाही सुख दिलं. बसमध्ये मी चक्क गुणगुणत होतो.

साहेबांना मी खरं ते सांगितलं, की ग्राहक सेट बंद ठेवत होत्या. ते पोट धरून हसले. “आणि आता?” “आता नाही ठेवणार.” लाल दिवा त्यानंतर एकदाही लागला नाही. ऑपरेटर बाईंचं रजिस्टर पानामागून पान ‘ओके’नं भरत गेलं. अवेळी कॉल गेला तरी दुसऱ्या घंटीलाच फोन उचलला जाई आणि “हॅलो, कोण? कोण बोलते?” असा आवाज येई. ऑपरेटर बाई “टेस्ट” म्हणून ठेवून देत. त्यांना तसाच नियम होता.

बदललं ते दहाचं. पहिल्याच दिवशी मी आवाज येतो का विचारलं आणि बाईंनी एक ते दहा घडाघडा म्हणून टाकले.

“पाच मार्क. ठेवा आता.”

“तूर काय म्हणते, बाई?”

“ठेवा साहेब, लाइन अडून राहिली. तेवढ्यात त्याचा आला तं?”

रोज तेच. पाच मार्क आणि ठेवा. त्यांचा आवाज दिवसेंदिवस उतरत गेला, झोप न झालेल्या माणसाचा असतो तसा. मी एकदा म्हणालो, “बाई, जरा शेजारी जाऊन येत जा.” त्या म्हणाल्या, “तीनदा चुकलं माझ्यानं. आता नाही चुकणार.” मी रिसीव्हर ठेवला. माझी दहा मिनिटंही गेली होती आणि त्यांची दुपारही. दोन्ही मीच घालवली होती. तेव्हाच फोन करून खरं सांगायला हवं होतं. उद्या सांगू, असं करत सतरा दिवस काढले.

चाचणी पास झाली. साहेबांनी पेढे मागवले. पेढा खातानाच ते म्हणाले, “सेट उद्या काढा. पुढच्या गावातल्या दवाखान्यात बसवा.”

“साहेब, बाईंना मी सांगितलं होतं, पास झाला तर राहील.”

“लेखी दिलं का?”

“नाही.”

“इनकमिंग निल, आउटगोइंग निल. त्यांना फोन कशासाठी पाहिजे, सांगा तुम्ही. तिकडे बाळंतपणात अडलेल्या बाईला बैलगाडीनं आणतात.”

 ते चुकीचं बोलत नव्हते. 

सेट काढताना चाचणीच्या रिपोर्टवर ग्राहकाची सही लागते, पानोपानी. पुष्कळ ग्राहक न वाचता सही करतात. मी आपला त्याच आशेवर होतो. नथ्थूजी बाहेर एरिअल उतरवत होते. बाईंनी चष्मा पुसला, पेन हातात घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. रिपोर्ट इंग्रजीत होता, पण त्यांचं इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं. दुसऱ्या पानावर त्यांनी एक स्पेलिंग दुरुस्त करून दिलं. चौथ्या पानावर पेन थांबलं.

त्या ओळीत लिहिलं होतं: इनकमिंग कॉल, टेस्ट कॉल वगळून, निल.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“मंग ते तीन?”

“मी खोटं बोललो, बाई. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.”

“सतरा दिवस मी दारापर्यंतसुद्धा नाही गेली, साहेब. न्हाणीत गेली तरी दार उघडं ठेवत होती.”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोसलं असतं. मी माफी मागितली की नाही, आठवत नाही. बहुतेक मागितली नाही. 

त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. बोट त्याच ओळीवर होतं.

“आणि हे टेस्ट कॉल वगळून काहून लिहिलं?”

“ते आमच्या कामाचे असतात. मोजत नाहीत.”

“रोज सकाळी कोणीतरी विचारत होतं, आवाज येतो का म्हणून,” बाई म्हणाल्या. “तेच वगळलं तुम्ही.”

आणि त्यांनी सही केली. नीट, वळणदार, शाळेच्या दाखल्यावर करत असतील तशी. चारही पानांवर.

सेट दवाखान्यात गेला आणि तिथे तो चांगला चालला. आणखी सेट मंजूर झाले. माझ्या सर्व्हिस बुकात एक चांगला शेरा पडला. सावनेरची बस मला रोज दिसायची. एक दिवस जाऊन बाईंची भेट घ्यावी, असं पुष्कळदा ठरवलं. गेलो नाही. फोन असताना मी रोज दहाला त्यांना विचारत होतो, आवाज येतो का. फोन काढल्यावर विचारायला तोंड नव्हतं. पुढे माझी बदली झाली आणि मग ते ठरवणंही बंद झालं.

रिटायर होईपर्यंत मी नव्या जेईंना शिकवत असे, की सेट डेड दिसला तर खांबावर चढण्याआधी घरातल्या माणसाला विचारा. दुसरं, मशीननं जे मोजलं तेच सांगा, आपल्या मनानं एक आकडा वाढवू नका. पोरं हे वहीत लिहून घेत. त्यांना वाटायचं, साहेब रिपोर्टबद्दल बोलतात.